आमचीच की सगळ्यांची

सात बेचाळीसला मी नौपाड्याचा फीडर बंद केला.
रजिस्टरमध्ये तसंच लिहिलंय:
खारकर आळीत जंपर जळतोय,
लाइनमन भोईर पोलपाशी, परमिट दिलं.
खाली सही. अर्धी निळी, अर्धी काळी,
कारण पेन मध्येच संपलं.

निशिगंधा, माझी मुलगी, त्या वेळी
चरईतल्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये
प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून
कुठल्याशा थंड देशातला सिनेमा बघत होती.
त्यात एक पोस्टमन.
अठ्ठावीस वर्षं लोकांची पत्रं वाटून
एके दिवशी तो एक पत्र फोडतो,
वाचतो, आणि खिशात ठेवून देतो.
तेवढ्याने कोणाचं लग्न मोडायचं राहतं,
कोणी गाव सोडत नाही,
एक मूल जन्माला येतं, जे यायचं नव्हतं,
आणि तेच मूल पुढे रोज त्याला रस्त्यात अडवतं:
आमचं काही आलंय का?
शेवटी म्हातारा ते पत्र घेऊन त्या दाराशी जातो.
बोट बेलवर.

"मग?" मी विचारलं.
शिफ्ट संपवून आलो होतो, ती आमटी गरम करत होती.
"मग तुम्ही," ती म्हणाली.

बोट तर माझंही बटणावरच होतं.
भोईरचा फोन आला तेव्हा मी मनात हिशेब केला.
संध्याकाळ, क्लासेस, दवाखाने,
राम मारुती रोडची गिऱ्हाइकं.
आठला बंद केला असता तरी चाललं असतं.
जळका जंपर अठरा मिनिटं कळ काढतो.
कधी कधी काढतो.
मग का दाबलं?
त्याचा आवाज बसलेला वाटला, एवढंच.
म्हणजे ते मी ठरवलं,
की त्या बसलेल्या आवाजाने,
की आदल्या रात्री भाच्याच्या हळदीत
बेंजोपुढे पहाटेपर्यंत ओरडला, त्याने?

सटवाईसुद्धा रात्रपाळीतच लिहिते.
आमच्याकडे खाडाखोड चालत नाही,
चुकलं तर एक रेघ मारायची, बाजूला सही करायची,
खालचं वाचता आलं पाहिजे.
तिच्याकडे काय पद्धत आहे
ते विचारायचं राहून गेलंय.

हॉलमध्ये म्हणे कोणी उठलंच नाही.
अजून बारा मिनिटं होती सिनेमाची.
एक दातांचे डॉक्टर अंधारात म्हणाले, तो बेल वाजवणार नाही.
कळव्याचा एक मुलगा म्हणाला, दार आधीच उघडं असणार.
एक बाई म्हणाल्या, त्या घरात सगळ्यांना सगळं माहीत आहे.
मग कोणीतरी चकल्यांचं पुडकं फिरवलं
आणि आपला हात कोणाच्या हाताला लागतोय
हे न दिसता सगळ्यांनी घेतल्या.
लाइट आली तेव्हा आठ चौदा.
हॉलची वेळ संपली होती,
वॉचमन किल्ल्या वाजवत दारात.
"शेवट आता मोबाइलवर मिळतो," निशिगंधा म्हणाली.
"पाहिलास?"
तिने आमटीत मीठ घातलं. दुसऱ्यांदा.

त्या बत्तीस मिनिटांत मला एक्केचाळीस फोन आले.
कोणाचा मिक्सर, कोणाचा ऑक्सिजन, कोणाची नुसती शिवी.
पण पहिला प्रश्न बहुतेकांचा तोच,
माझ्या नोकरीची एकोणतीस वर्षं तोच:
आमचीच गेलीय, की सगळ्यांची?
मी म्हणतो, सगळ्यांची.
आणि पलीकडे, अंधारात,
एक श्वास सुटतो.

त्या दिवशी पाचपाखाडीचे एक गृहस्थ
"मग ठीक आहे" म्हणाले
आणि फोन ठेवायला विसरले.
त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ मला ऐकू येत होतं.
दुसरा फोन वाजत होता, भोईर अजून वर होता.
मी ठेवू शकलो असतो.